भिशी, बचत गट आणि नात्यांचा हिशेब

पनवेललगतचे करंजाडे हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. सिडकोने भोवती सेक्टर आखले, नवी मुंबई विमानतळासाठी हललेल्या गावांतील काही कुटुंबे करंजाडे-वडघर परिसरात वसली आणि नव्या इमारतींत दूरदूरची माणसे राहावयास आली. अशा मिश्र वस्तीत दहा स्त्रियांचा बचत गट बांधावयाचा, तर अडचण उघड आहे. एकीने हप्ता चुकविला, तर दुसरीने तिच्या दारी कोणत्या अधिकाराने जावे?

व्यापारी घरांना हा प्रश्न परका नाही. भिशीत कोणास घ्यावे, याचा विचार तेथे नेहमीच होतो. आणि नातलगाकडील उधारी मागणे किती जड जाते, हेही प्रत्येक पेढीला ठाऊक असते.

नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. तारण नसलेल्या स्त्रीची पत म्हणजे तिचा गट. एकीची थकबाकी सर्वांच्या पुढील कर्जाला अडसर ठरते. म्हणून सदस्य शक्यतो समान परिस्थितीतील असावेत, असा सल्ला रूढ झाला. पेरू देशातील गटांविषयी डीन कार्लान यांनी २००७ मध्ये मांडलेले निष्कर्षही त्याला पुष्टी देतात: जवळ राहणाऱ्या, सारख्या संस्कृतीच्या सदस्यांत परतफेड आणि बचत दोन्ही सरस. परंतु त्याच वर्षी अहलिन व टाउनसेंड यांना थायलंडमध्ये उलट चित्र दिसले. नाती आणि आपसांतील देवघेव दाट, तेथे परतफेड ढिली. ओळख पारखण्यास उपयोगी पडते. वसुलीच्या वेळी तीच भीड होते.

आणखी एक गोष्ट सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. रायगडात केवळ भातशेतीवर जगणाऱ्यांचा गट असेल, तर पेरणी आणि शाळा यांचा खर्च सर्वांवर जूनमध्येच येतो. सगळ्याच कर्ज मागतात आणि पेटीत पैसा नसतो. त्यांत एक मासळी विकणारी, एक शिवणकाम करणारी, एक डबे देणारी असली, की हप्ता बाराही महिने येत राहतो.

खरी ठिणगी जातीभाषेपेक्षा मिळकतीतील अंतरावरून पडते. शंभर रुपये भरणारीला पाचशेची बचत पेलत नाही, पाचशे भरू शकणारीला शंभरात गटाची गती मंद वाटते, आणि मोठे कर्ज प्रथम तिलाच मिळाले, की कुजबुज सुरू होते. बचतीची रक्कम गरिबातल्या गरीब सदस्येच्या ऐपतीवर ठरविणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय दिसतो.

राज्याच्या ‘उमेद’ अभियानाची पंचसूत्री अशी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे. (किराणा दुकानदारास यांतले काय शिकवावयाचे!) मिश्र गटाचा भार मुख्यतः शेवटच्या सूत्रावर असतो. भर बैठकीत वही मोठ्याने वाचली जाते, प्रत्येकीच्या पासबुकात नोंद होते. जावेचा हप्ता थकला, तरी तो मागण्याचे काम जावेकडे येत नाही; वही वाचणारी दुसरीच कोणी असते.