पोरीला ठेवू का नेऊ? ऊसतोडीचं गाव आणि तिथली शाळा

हा भाग पुण्यातल्या रूमवर नाही, गावी रेकॉर्ड केलाय. मंठा तालुका, जिल्हा जालना. ऐकणाऱ्यांना मधेच ट्रॅक्टरचा आवाज येईल, वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे. तो आवाज मी मुद्दाम कापला नाही, कारण आजचा विषय त्याच ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून जातो.

दसऱ्याला आलो होतो तेव्हा पारावर शाळेतला जुना दोस्त भेटला. नाव सांगत नाही, त्याने तसं सांगितलंय. पहिली ते चौथी आम्ही एकाच तागाच्या पट्टीवर बसायचो. म्हणजे मी वर्षभर बसायचो, तो दिवाळीपर्यंत. दिवाळी झाली की आईबापासोबत ऊस तोडायला जायचा आणि पाडव्याच्या आसपास परत यायचा. तोवर आमचे पाढे कुठल्या कुठे गेलेले असायचे. चौथीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी पुढे बीटेक केलं, तो कोयत्याला लागला. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता हे मी आजही कबूल करतो.

आता त्याची पोरगी दुसरीत आहे. मला म्हणाला, "काय रे इंजिनियर, तू सांग. पोरीला ठेवू का नेऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. जिल्हा परिषदेची शाळा, चार वर्ग, दोन शिक्षक. तिथे जे कळलं आणि नंतर मी जे कायदे, जीआर वाचले, ते सगळं या भागात.

आधी शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडं. ऊसतोडीत "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी जोडीला आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. आमच्याकडून लोक पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. राहायचं पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत. आई पहाटे अंधारातच फडात जाते. सात वर्षांची पोरगी मग काय करते? धाकट्या भावाला सांभाळते, पाणी आणते, जरा मोठी झाली की वाढ्यांच्या पेंढ्या बांधते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, साप, उसातला बिबट्या, हे सगळं तिच्या अंगणात.

शाळेत मुलं सुरक्षित आहेत का, हा प्रश्न आपण टीव्हीवर ऐकतो तेव्हा डोळ्यासमोर गेट आणि कॅमेरा येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची बातमी आली आणि २१ ऑगस्टला शासनाने शाळांसाठी निर्णय काढला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती, हे सगळं त्यात आहे. हवंच ते. पण आमच्या शाळेत आधी लाईट टिकली पाहिजे, मग कॅमेरा. आणि इथल्या पोरांचा मोठा धोका गेटमधून आत येत नाही, तो पोरांनाच गेटबाहेर घेऊन जातो.

मग शाळा करते काय?

सरांनी एक वही काढली. साधी दोनशे पानी. सप्टेंबरमध्ये सर आणि बाई घरोघर फिरतात. कोणी उचल घेतली, कोण जाणार, घरी कोण उरणार, हे विचारतात. त्यावरून यादी होते, पालकांचं संमतीपत्र घेतात, शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते आणि प्रस्ताव केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा करत जिल्हा परिषदेत जातो. समग्र शिक्षा योजनेतून त्याला पैसे मिळतात. नाव आहे हंगामी वसतिगृह. नाव ऐकून मला खाटा असलेली इमारत वाटली होती. तसं काही नाही. पोरं गावातच आजी-आजोबांकडे झोपतात, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण शाळेतर्फे, गावातल्याच बायका करतात. दुपारची खिचडी शाळेची असतेच. पोषण आहाराच्या नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी १०० ग्रॅम तांदूळ आणि त्या जेवणातून ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं.

ऐकायला ही फक्त जेवणाची सोय वाटते. पण गणित बघा. आजीला गुडघ्याने उठवत नाही, चूल पेटवायची कोणी, या एका कारणावरून पोरं ट्रॉलीत बसतात. दोन वेळचं जेवण शाळेने उचललं की आजी पोरीला ठेवून घ्यायला तयार होते. म्हणजे इथे पोरीला वाचवायचं तर आधी आजीला हातभार लावावा लागतो.

यात एक गोची आहे, ती मला सरांनीच दाखवली. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला. छान. पण पालकच ऊसतोड कामगार असतील तर दिवाळीनंतर समितीतले अर्धे लोक फडात! म्हणून सर घरी राहणाऱ्यांपैकी काही जणांना मुद्दाम समितीत घेतात.

वहीत अजून एक रकाना होता. बापाचा फोन, आईचा फोन आणि मुकादमाचा फोन. दोस्त हसला, "सर, मुकादमाचा कशाला?" सर म्हणाले, "तुझा रिचार्ज संपल, त्याचा नाही संपत."

समजा कुटुंबाने ठरवलंच की नेणार. तरी शाळेचं काम संपत नाही. शिक्षण हमी कार्ड द्यायचं. त्यावर पोरगं कोणत्या वर्गात आहे, काय येतं, हे असतं. तिकडच्या जवळच्या शाळेने त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. कायद्याने दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर अकाउंट तेच, फक्त डिव्हाईस बदललं. अर्थात फडापासून शाळा चार किलोमीटरवर असेल आणि आई अंधारात निघून गेली असेल तर लॉगिन करणार कोण? आणि कारखाना कर्नाटकातला असेल तर शाळा कन्नड. एक डेटावाला म्हणून सांगतो, पटावर नाव असणं आणि पोरगं वर्गात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कुठल्याही पोर्टलच्या आधी वर्गावरच्या बाईंना कळतो. म्हणूनच २०१७ पासून राज्यात बालरक्षक म्हणून शिक्षकांची फळी उभी राहिली. शाळेबाहेरची आणि स्थलांतरित मुलं शोधायची, त्यांना टिकवायचं, हे काम त्यातले शिक्षक स्वखुशीने करतात. सरांच्या खिशाला बिल्ला वगैरे नव्हता, पण ते त्यातलेच.

मग दोस्ताने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी तो खरं तर आला होता. आवाज एकदम खाली आला. "सर, पोरीची जात आहे. आम्ही दोनशे कोसावर. कोणी काही केलं तर?"

सर लगेच बोलले नाहीत. बाई बोलल्या. म्हणाल्या, "ती माझ्याशी बोलते का, ते बघा आधी." आणि पोरीला हाक मारली. पोरगी आली, बाईंच्या टेबलाला रेलून उभी राहिली, बापाकडे बघितलंही नाही. दोस्ताला त्यातून काय कळायचं ते कळलं असावं.

नियम काय आहेत ते मी नंतर वाचले. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. आमच्या वेळी आईबापच सांगायचे, मारा सर, हाडं आमची, कातडं तुमचं. ते आता चालत नाही. लैंगिक अत्याचारासाठी पॉक्सो कायदा, २०१२. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे शिक्षकालाच नाही, तुम्हाला आणि मलाही लागू आहे. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. "गावात बोभाटा नको, बसून मिटवू" याला कायद्यात जागा नाही. पोरीचं नाव, शाळेचं नाव, फोटो, काहीही कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही, हाही कायदाच.

बाईंनी एक साधी गोष्ट सांगितली, ती मला कलमांपेक्षा जास्त लक्षात राहिली. पोरगं काही सांगायला लागलं तर उलटतपासणी करायची नाही. "खरं बोलतेस ना?" तर अजिबातच नाही. ऐकायचं, तू सांगितलंस ते बरं केलंस म्हणायचं आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. चौकशी करणं हे पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं काम. शाळेच्या भिंतीवर तक्रार पेटी आहे, कुलूप लावलेली. पण दुसरीतली पोर पेटीत चिठ्ठी टाकेल असं मला वाटत नाही. ती बाईंच्या पदराला धरून सांगेल, नाहीतर गप्प बसेल. गप्प बसली तर डबा न खाणं, वर्गात झोपणं, एखाद्या घरी जायला नको म्हणणं यातून ओळखावं लागतं, आणि त्यासाठी बाई रोज त्याच असाव्या लागतात. शिक्षकांना शाळेबाहेरची कामं लावली जातात तेव्हा काय निसटतं, हे मला त्या दिवशी समजलं.

लग्नाचा मुद्दा प्राथमिक शाळेत कशाला, असं वाटेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, जालना जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या साधारण तीनांतल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आईबाप फडावर, पोरगी एकटी, वर जोडी झाली की नवा कोयता आणि नवी उचल. चौथीत शाळा सुटलेल्या पोरीला तेराव्या वर्षी "नको" म्हणायला कोणतं कारण उरतं? ग्रामसेवक हे आपल्याकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, पण त्यांना खबर बहुतेकदा शाळेतून किंवा अंगणवाडीतूनच मिळते.

आणखी एक, घाईत सांगतो, कारण अनेकांना माहीत नाही. आई किंवा बाप गेलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. शाळेचं बोनाफाईड लागतं. गावात अशा घरातलं पोर असेल तर तुम्ही मोबाईलवर बसून कागद जुळवून देऊ शकता, आजीला ते जमत नाही. आणि १०९८ नंबर सेव्ह करा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली मुलांची हेल्पलाईन, चोवीस तास, फोन फुकट. मोठ्या माणसानेही करायचा असतो.

दोस्ताने पोरीला ठेवलं. यादीत तिचा नंबर अठरावा. धाकटा अजून पाजता आहे, तो सोबत गेला.

आज पहाटे ट्रॅक्टर भरला. भांडी, कोयते, शेळी, पाण्याचा ड्रम, वर माणसं. पोरगी आजीच्या ओट्यावर उभी होती, रडली नाही, शाळेचा शर्ट घालून तयार होती. नाश्ता सातला असतो. वसतिगृहाच्या मंजुरीचं पत्र अजून वरून आलेलं नाही. सरांना विचारलं, मग पोहे कुठून आले? म्हणाले, किराणावाल्याकडून उधार. "त्याने उचल घेतली, मी पण घेतली."

भेटू पुढच्या भागात.