कॅन्सर सापडला, पण मूळ कुठे? जनुक चाचणीला पैसा घालण्याआधी हे वाचा

गाजर गवत काही आपल्या मातीतले नव्हे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर आले, असे मानतात. आज ते बांधावर दिसो, रस्त्याकडेला दिसो की शाळेच्या आवारात, पान बघितले की आपण ओळखतो. जागा बदलली म्हणून त्याची जात बदलत नाही.

कॅन्सरचेही तसेच आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर यकृतात पसरला तरी तो फुफ्फुसाचाच राहतो आणि औषधही त्याचेच लागते. म्हणून डॉक्टर आधी विचार करतात तो मुळाचा. पण काही रुग्णांच्या यकृतात, हाडात किंवा मानेच्या गाठीत कॅन्सर सापडतो आणि सगळे अंग तपासूनही सुरुवात कुठून झाली ते कळत नाही. कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असे साधारण दोन ते पाच निघतात. मूळ गाठ फार बारीक असली की ती स्कॅनमध्येही दिसत नाही.

अशा वेळी घरच्यांची काय तारांबळ होते, ते तुम्ही गावात पाहिले असेल. "डॉक्टरला काही कळतच नाही" म्हणून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पळापळ सुरू होते. मग कोणी तरी सांगतो, जनुक चाचणी करा, लगेच कळेल. तिचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. रान विकायची भाषा इथेच सुरू होते. म्हणून ही चाचणी काय आहे, ते आधी समजून घ्या.

चाचणीत करतात काय?

गाठीचा लहानसा तुकडा काढतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तो तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या वडीत बसवतात. ही वडी म्हणजे 'ब्लॉक'. तिचे पातळ काप काढून, त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पुष्कळदा एवढ्यावरच कॅन्सरची जात कळते.

नाही कळली तर त्याच ब्लॉकमधून पेशींचा डीएनए काढून वाचतात. तंबाखूच्या धुराने डीएनएवर एका विशिष्ट प्रकारच्या खुणा राहतात, कडक उन्हाने वेगळ्या. यकृतातल्या गाठीवर धुराच्या खुणा दिसल्या तर संशय फुफ्फुसावर जातो. उन्हाच्या खुणा असल्या तर त्वचेवर. कोणती जनुके जागी आहेत, हेही बघतात आणि आधी माहीत असलेल्या हजारो गाठींशी त्याचा मेळ घालतात. निघतो तो अंदाज. त्याला सातबाऱ्यावरची नोंद समजू नका. डॉक्टर बाकीचे रिपोर्ट पाहूनच त्यावर निर्णय घेतात.

चाचणीचा दुसरा उपयोग औषधासाठी. मूळ कुठेही असो, जनुकातला ठरावीक बिघाड सापडला तर त्यावर नेमके औषध चालते. मुळाची जागा न बघता बिघाड बघून द्यायच्या अशा औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये पहिली मान्यता मिळाली.

फायदा किती?

इथे खरे तेच सांगायला हवे. २०१९ मध्ये जपान आणि युरोपातले दोन अभ्यास पुढे आले. चाचणीने सांगितलेल्या मुळाप्रमाणे उपचार केलेल्या रुग्णांचे आयुष्य नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा विशेष वाढलेले दिसले नाही.

२०२४ मध्ये 'क्युपिस्को' नावाच्या, अनेक देशांत झालेल्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात जनुकातला बिघाड बघून औषध ठरवले होते. सुरुवातीच्या केमोने आजार आटोक्यात आलेल्या ४३६ रुग्णांचे दोन गट केले. नुसत्या केमोवर आजार पुन्हा वाढायला मध्यमानाने ४.४ महिने लागले, बिघाड बघून उपचार केलेल्यांत ६.१ महिने. म्हणजे फरक पावणेदोन महिन्यांच्या आतबाहेरचा. काहींना याहून बराच जास्त फायदा होतो, काहींना मुळीच होत नाही. बिघाड सापडला तरी त्यावर औषध असेलच असे नाही, आणि असले तर त्याचा खर्च वेगळा.

आधी काय करावे?

साध्या तपासण्या पुऱ्या करा. बाईच्या काखेत कॅन्सरची गाठ निघाली आणि स्तनात काही दिसले नाही, तरी बऱ्याचदा स्तनाच्या कॅन्सरचे उपचार देतात आणि ते चांगले लागू पडतात. मानेत गाठ असेल तर तोंड आणि घसा नीट तपासून घ्या. तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. त्या एका माहितीने मूळ शोधणे सोपे होते.

जनुक चाचणीचा विषय निघाला की डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ विचारा. साधी तपासणी कोणती राहिली आहे का? निकाल आला तर औषध बदलणार आहे का? बदलले तर ते आपल्याला मिळेल आणि परवडेल का? दुसऱ्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले, तर त्या चाचणीसाठी जमीन विकण्यात अर्थ नाही. निकालाला काही आठवडे लागू शकतात. तोवर उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, तेही विचारून घ्या.

ब्लॉक आणि काचेच्या पट्ट्या जपा. दवाखाना बदलताना त्या रीतसर मागून न्या. ब्लॉक हरवला की पुन्हा सुई, पुन्हा वेदना, पुन्हा खर्च. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून ठेवा.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरचे काम करते. २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमध्ये देशभरातली कॅन्सर रुग्णालये एकमेकांना जोडलेली आहेत. दुसरे मत घ्यायचे असेल तर अशाच ठिकाणी घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणती तपासणी आणि कोणते औषध योजनेत बसते, हे पैसे भरण्याआधी त्यांना विचारा.

सरपंच, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि आशाताईंनी एवढे करावे. अशा घरी जाऊन रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट नीट आहेत का ते बघावे, आणि सोबत जायला एक जाणता माणूस द्यावा. मूळ सापडले नाही म्हणजे उपचार नाहीत, असा गैरसमज गावात पसरू देऊ नका. मूळ न सापडताही उपचार सुरू करता येतात, आणि ते वेळेवर सुरू झालेले बरे.