‘वयच असं आहे’ म्हणण्याआधी

एरवी हसतखेळत असणारा मुलगा दार लावून बसतो, जेवणावरून आईवर ओरडतो, क्लास बुडवतो. घरचे म्हणतात, ‘वयच असं आहे.’ अनेकदा ते खरंही असतं. पण हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं, झोप-भूक बिघडली, आवडीचं क्रिकेटही नकोसं झालं, तर ते नैराश्य असू शकतं. किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून अधिक दिसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा वेळी परीक्षेकडे बोट दाखवलं जातं. पण कारण सहसा एकच नसतं.

नैराश्य असलेल्या प्रत्येक मुलाला हा धोका सारखाच नसतो. सर्वांत मोठा इशारा म्हणजे आधी केलेला प्रयत्न किंवा स्वतःला इजा करणं. शिवाय ‘आता काहीच बदलणार नाही’ ही हताशा, कुटुंबातली पूर्वीची आत्महत्या, नशा, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेत किंवा मोबाइलवर होणारा छळ आणि एकटेपण. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलातला बदल घरच्यांना दिसतच नाही; तो आधी रूममेटच्या लक्षात येतो.

‘विचारलं तर नसता विचार डोक्यात भरेल’ ही भीती निराधार आहे. ‘तुला जगणं नकोसं वाटतं का?’ असं शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट मुलाला मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, तर उपदेश नको. त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा. टोकाची लाट बरेचदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंतचं अंतर जीव वाचवतं. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

समुपदेशन आणि गरजेनुसार औषधांनी नैराश्य बरं होतं. औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे काही मुलांत अस्वस्थता आणि असे विचार वाढू शकतात; तेव्हा लक्ष अधिक ठेवावं, पण औषध परस्पर बंद करू नये.

‘पोलिस केस होईल’ म्हणून उपचार टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. शिक्षा नव्हे, मदत देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. तो मुलांनीही फिरवावा, आईवडिलांनीही आणि रूममेटनंही.