हात लावायचा नाही!

"ताई, तुम्ही आमच्याबरोबर होडीत चला. मी ओरडायला लागले की माझं तोंड दाबायचं. एवढंच काम!"

बचत गटातल्या मैत्रिणीनं हे आमंत्रण दिलं तेव्हा मला हसूच आलं. पण ती गंभीर होती. तिच्या सतरा वर्षांच्या लेकीला धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटरचं अंतर पोहून पार करायचं होतं. आदल्या वर्षीही ती उतरली होती. पहाटे लेक गारठलेली दिसली आणि आईनं होडीत असा आकांत मांडला, की सरांनी मुलीला वर घेतलं. गेटवे सात-आठ किलोमीटरच राहिलं होतं. त्यानंतर पंधरा दिवस मायलेकींचा अबोला!

लग्न होऊन पेणला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. समुद्र इतका जवळ, पण गुडघाभर पाण्यापुढे मी कधी गेले नाही. माझी मैत्रीण गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते, नवरा मिनीडोर चालवतो. होडीचं भाडं, परवानग्या, वैद्यकीय दाखला, खर्च बराच होता. तिनं गटाकडे कर्ज मागितलं आणि बैठकीत एकच गलका झाला. शिलाई मशीनला दिलं, बाळंतपणाला दिलं, पण पोहायला कर्ज? "आणि तो पोशाख!" असंही कोणी तरी पुटपुटलं. शेवटी आमच्या सर्वांत वयस्क मावशी म्हणाल्या, "मुलगा असता तर हे विचारलं असतंत का?" ठराव मंजूर झाला.

आपल्याकडे सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. मुंबई बंदरात संक रॉक ते गेटवे ही पाच किलोमीटरची स्पर्धा असते, मालवणला चिवला बीचवर मोठी स्पर्धा भरते. धरमतरची मोहीम मात्र एकट्यानं करायची. शेजारी प्रतिस्पर्धी नाही. सामना अंतराशी, भरती-ओहोटीशी आणि थंडीशी. नियम कडक. होडीला हात लावायचा नाही आणि होडीतल्या कुणी पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. लावला की मोहीम बाद.

तुम्ही म्हणाल, कोकणच्या समुद्राला कसली थंडी? मलाही तसंच वाटायचं. डिसेंबरात आपलं पाणी साधारण २५ अंशांचं असतं. इंग्लिश खाडीच्या १५ ते १८ अंशांपुढे हे उबदारच. पण आपलं शरीर ३७ अंशांचं, आणि हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी पटींनी लवकर ओढून घेतं. आठ-नऊ तास हे चाललं तर कोमट पाणीही माणसाला गारठवतं.

मागच्या डिसेंबरात रात्री दीड वाजता आम्ही धरमतरच्या धक्क्यावर होतो. अंगावर स्वेटर असून मी कुडकुडत होते. मैत्रिणीनं लेकीच्या काखेत, मानेला, खांद्यांना व्हॅसलीन चोळलं. खाऱ्या पाण्यात कातडी घासून सोलवटते म्हणून. गणपतीचे डोळे आखताना तिचा हात कधी हलत नाही, त्या रात्री मात्र बोटं थरथरत होती. "आता गेटवेला भेटू," म्हणून पोरगी पाण्यात उतरली.

ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं आणि मग भरतीच्या जोरावर मुंबईकडे सरकायचं, असा सरांचा हिशेब. काळ्या पाण्यात तिच्या टोपीवरचा छोटा दिवा तेवढा दिसायचा. दर अर्ध्या तासानं दोरीला बांधलेली बाटली तिच्याकडे सोडायची. कधी ग्लुकोजचं पाणी, कधी घरून थर्मासमधून आणलेली तांदळाची कोमट पेज. पाण्यातच उताणं होऊन ती प्यायची आणि पुन्हा हात मारायला लागायची. सर घड्याळ लावून तिचे मिनिटाचे हात मोजत होते. आकडा कमी होऊ लागला की थंडी आत शिरली असं समजायचं.

रेवस मागे पडलं. उजवीकडे उरणचे दिवे दिसत होते. पहाटे पाचनंतर आकडा उतरायला लागला. बाटली धरताना तिचे हात कापत होते, ओठ काळेनिळे झाले होते. आणि मैत्रिणींनो, ओरडले ती मी! "अहो सर, काढा तिला वर! पोरीचा जीव जाईल!" दुसऱ्याच क्षणी माझ्या तोंडावर एक हात घट्ट बसला. मैत्रिणीचा! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता.

सरांनी शांतपणे हाक मारली, "तेराचा पाढा म्हण." थंडी मेंदूपर्यंत पोचली की बोलणं अडखळतं, साधे प्रश्न चुकतात. पाढा चुकला तर वर घ्यायचं, हे आधीच ठरलं होतं. पोरगी म्हणू लागली. तेरा सक अठ्ठ्याहत्तर... तेरा साती... आणि थांबली. होडीत कुणी श्वास घेत नव्हतं. "एक्क्याण्णव!" पाण्यातून आवाज आला. "काकू, तुम्हाला येतो का पुढचा?"

उन्हं वर आल्यावर तिचे हात पुन्हा चालू लागले. साडेदहाच्या सुमारास ती गेटवेच्या पायऱ्या धडपडत चढली, तेव्हा कुठे आईला लेकीला हात लावता आला. तिथंही आम्ही चुकणार होतो. मी तळवे चोळायला धावले, तर सरांनी अडवलं. पाण्याबाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होतच असतं. अशा वेळी जोरानं चोळायचं नाही, गरम पाण्यानं अंघोळ घालायची नाही. ओले कपडे काढायचे, अंग टिपायचं, कोरड्या चादरीत गुंडाळायचं आणि घोट घोट गोड चहा द्यायचा.

परतताना सरांनी आरती साहांची गोष्ट सांगितली. १९५९च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीतला त्यांचा पहिला प्रयत्न फसला. महिन्याभरानं, २९ सप्टेंबरला, त्यांनी ती पार केली आणि असं करणारी पहिली आशियाई स्त्री ठरल्या. भक्ती शर्मानं २०१५ साली अंटार्क्टिकाच्या १ अंशाच्या पाण्यात विक्रम केला. तिला लहानपणी पोहायला शिकवलं होतं तिच्या आईनंच. हे ऐकून माझी मैत्रीण एवढंच म्हणाली, "मागच्या वर्षी मी तिला वाचवलं असं मला वाटत होतं. खरं तर मी मलाच वाचवत होते."

पुढच्या बैठकीत मी विचारलं, "कुणाकुणाला पोहता येतं?" दोघींनीच हात वर केले. जन्म खाडीकाठी गेला, २००५ची २६ जुलै पाहिली, २०२१चा महाडचा पूर पाहिला, तरी पाणी आमच्यासाठी पुरुषांचंच राहिलं! मैत्रिणींनो, चांगलं शिकवणारं माणूस बघा आणि लेकींना पोहायला घाला. जमलं तर स्वतःही उतरा.

मी उतरले आहे. दर रविवारी तीच पोरगी मला शिकवते. अजून चार हात मारले की धाप लागते. मैत्रीण काठावर बसून ओरडत असते, "सांभाळून, ताई, सांभाळून!" तिचं तोंड दाबायला मात्र आता तिथं कुणी नसतं.