आज्ञापत्रांतील दारूखाना व भिजलेलीं काडतुसें

आज्ञापत्राच्या दुर्गप्रकरणांत दारूखान्याविषयीं जो मजकूर आहे, त्याकडे राजनीतीचे अभ्यासक सहसा वळत नाहींत. रामचंद्रपंत अमात्यांनीं कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत, इ. स. १७१५ मध्यें, हा ग्रंथ सिद्ध केला. दारूखाना घरांपासून दूर असावा, त्यास तळघर करावें, आंत माच घालून त्यावर दारूचीं मडकीं ठेवावीं, सरद लागूं देऊं नये, आणि आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू, बाण, होके बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हां मोहोर करावी, असा त्याचा आशय आहे. पंतांची जहागीर बावड्याची. गगनबावड्याएवढा पाऊस कोल्हापूर जिल्ह्यांत अन्यत्र पडत नाहीं. तेव्हां ही सूचना केवळ पुस्तकी नव्हे हें उघड आहे.

हा मजकूर पुन्हां वाचण्यास कारण घडलें तें पुराचें. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्यें पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. अशा पुरांत सांपडणाऱ्या जुन्या वाड्यांतून दप्तरांबरोबर बंदुका व काडतुसेंही असावयाचीं. दप्तर वाळवून वांचतें, मग काडतुसें कां नाहींत, असें संग्राहकास वाटणें साहजिक आहे. आणि त्यास आज्ञापत्राचा आधार देण्याचा मोहही होतो. तो आधार आमच्या मतें लागू पडत नाहीं.

पंतांनीं सांगितला आहे तो सरदीवरचा उपाय, भिजलेल्या दारूवरचा नव्हे. काळी दारू म्हणजे सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक यांचें घोटलेलें मिश्रण. हवेंतील ओल तिनें ओढून घेतली असल्यास ती उन्हानें जाते. परंतु दारूंत पाणीच शिरलें म्हणजे सोरा विरघळतो. कांहीं वाहून जातो, कांहीं वाळतांना वेगळा होऊन त्याचे स्फटिक बनतात. मग कितीही ऊन दिलें तरी पूर्वीचा जोर येत नाहीं. ऊन देण्यास सवडच न मिळाल्याचें प्रसिद्ध उदाहरण प्लासीचें. २३ जून १७५७ रोजीं दुपारच्या पावसांत नबाबाची दारू भिजली. इंग्रजांनीं आपली झांकून ठेविली होती.

काडतुसांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारांत आलेली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते; ती पाण्यांत विरघळत नाहीं. तोंड घट्ट मुडपलेलें प्लॅस्टिकचें काडतूस पावसाच्या सरीनें बहुधा बिघडत नाहीं. परंतु हें मुडपलेलें तोंड व बुडांतील टोपीचा सांधा, या दोन वाटांनीं पाणी आंत जाऊं शकतें; आणि चार दिवस पुरांत राहिलेल्या काडतुसांत तें गेलें किंवा नाहीं, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. जुन्या कागदी काडतुसाचें नळकांडेंच फुगतें व बंदुकींत बसेनासें होतें.

काडतूस मुळींच न पेटलें तर त्यांत फारसें बिघडत नाहीं, मात्र तें कांहीं क्षणांनीं पेटूं शकतें, म्हणून बंदूक लगेच उघडूं नये. खरें भय अर्धवट पेटण्याचें. आवाज दबका येतो, डट्टा किंवा छर्रे नळींतच अडकतात, आणि त्यावर दुसरा बार केल्यास नळी फुटते. हात जाण्यास एवढें पुरे.

उलटपक्षीं, भिजलें म्हणजे निरुपद्रवी झालें असेंही समजूं नये. ठासणीच्या जुन्या बंदुकींत भरलेला बार तसाच राहिलेला आढळतो, व त्यांतील दारू कोरडी असूं शकते. काडतुसें उन्हांत वा चुलीजवळ वाळत घालूं नयेत, फोडूं नयेत. निराळीं ठेवून पोलीस ठाण्यास किंवा परवानाधारक विक्रेत्यास कळवावें. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें दारूगोळ्यासही परवाना लागतो; आजोबांच्या पेटींत सांपडलीं, ही सबब तेथें चालत नाहीं. तत्पूर्वीं पेटीवरील चिठ्ठी व नळकांड्यावरील कारखान्याचा छाप यांची नक्कल मात्र करून घ्यावी. संग्रहाच्या उपयोगाचें तेवढेंच आहे.