दिंडीचा ट्रक आणि बायकांचा मुक्काम

ज्येष्ठ महिना लागला की लोणंद, तरडगाव, फलटण या आपल्या पट्ट्यात गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याज बाजूला राहतं आणि दिंडीचा विषय निघतो. कुठल्या दिंडीत जायचं, भिशी किती, सामान कोण नेणार? दिंडीची भिशी म्हणजे आपल्या गटातली भिशी नव्हे बरं का. वीसएक दिवसांचं जेवण, तंबूतली जागा आणि सामानाची वाहतूक यासाठी दिंडीकडे जे पैसे भरतो, त्याला वारीत भिशी म्हणतात. त्या पैशातला मोठा वाटा जातो ट्रकावर. म्हणून आज आम्ही त्या ट्रकाविषयीच बोलणार आहोत.

शहरातली माणसं हल्ली मोटारीच्या टपावर तंबू बांधून फिरायला जातात, रात्री गाडीतच झोपतात, गाडीतच चहा करतात. आपल्या सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. कॅरॅव्हॅन म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. हे सगळं नवं म्हणून सांगतात तेव्हा आम्हाला गंमत वाटते. गाडीत संसार भरायचा, रोज नव्या रानात उतरवायचा आणि पहाटे पुन्हा भरायचा, हे आपल्याकडे दर आषाढात लाखो माणसं करतात. फक्त त्याला सहल म्हणत नाहीत.

तुकोबांची पालखी त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली असं मानतात. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकात. माउलींच्या मुक्कामाचा तंबू आणि घोडा अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतो. म्हणजे देवाच्या मुक्कामाची व्यवस्था पहिल्यापासून लागलेली होती. साध्या वारकऱ्याची, त्यातही बाईची, अशी काही नव्हती.

आमच्या गटातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी सांगतात, त्यांच्या सासूबाई वारीला निघायच्या तेव्हा डोक्यावर गाठोडं असायचं. त्यात एक लुगडं, घोंगडी, पीठ, तिखट-मीठ आणि एक तवा. मुक्काम देवळात, धर्मशाळेत, नाहीतर कुणाच्या ओसरीवर. तीन दगड मांडायचे, काटक्या गोळा करायच्या आणि भाकरी थापायची. पाऊस आला की चूल विझली, मग कोरडं काहीतरी खाऊन झोपायचं. ज्या दिंडीकडे बैलगाडी असायची ती दिंडी सुखी. गाडीत धान्य, भांडी, पालाचं कापड आणि बैलांचा कडबा. दमलेल्या म्हातारीला घडीभर गाडीत बसता यायचं.

बैलगाडीची एक गोष्ट मात्र आज ध्यानात घ्यायला हवी. ती माणसाच्या चालीनं चालायची. त्यामुळे गाडी आणि माणसं बरोबर असायची. तान्ह्याचं दुपटं हवं झालं, पायाला फोड आला, तर दोन पावलं मागे गेलं की गाठोडं हाताशी. ट्रकचं तसं नाही. ट्रक पुढे जातो, आपण मागून पोहोचतो. वारीच्या मुक्कामात जे काही बदललं ते या एका फरकातून बदललं, असं आमचं मत आहे.

आता ट्रकाचा दिवस कसा असतो ते ऐका. पहाटे तीन-चारला तंबू उतरायला लागतात. वळकट्या बांधून नाव किंवा नंबर घालून ट्रकात जातात. खाली मोठी पातेली, गॅसच्या टाक्या, धान्याची पोती, वर तंबूची कापडं आणि बांबू, सगळ्यात वर वळकट्या. दिंडीच्या वाहनांना प्रशासनाकडून पास घ्यावा लागतो, तो काचेवर चिकटवतात. पालखीच्या गर्दीत वाहनं अडकू नयेत म्हणून पोलीस त्यांना वेळ आणि वाट ठरवून देतात. ट्रक पुढच्या तळावर जाऊन दिंडीच्या ठरल्या जागी उभा राहतो. बरोबरची माणसं तंबू ठोकतात, आचारी पातेली चढवतात. आपण संध्याकाळी टाळ वाजवत पोहोचतो तेव्हा अंथरायला जागा आणि पोटाला गरम आमटी-भात तयार असतो. पाण्याचा टँकर वेगळा. मोठ्या दिंड्यांकडे जनरेटर, त्यावर मोबाईल चार्ज करायची रांग. चोपदारांनी दंड उंचावला की तळ शांत होतो आणि हरवलं-सापडलं पुकारलं जातं, ती पद्धत अजून आहे. पण चुकलेली बाई आता आधी लेकीला फोन लावते. आणि या सगळ्या मोटारींच्या गर्दीत माउलींच्या रथाला मात्र आजही बैलच. दिवे घाटात तर जास्तीच्या बैलजोड्या लावाव्या लागतात.

ट्रकानं बायकांचं भलं केलं, हे आधी मोकळेपणानं मान्य करू. पुण्याहून सासवडचा टप्पा घाट धरून सुमारे ३० किलोमीटरचा. डोक्यावर ओझं घेऊन तो चालणं आणि खांद्यावर नुसती पिशवी घेऊन चालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुडघे दुखणाऱ्या, साठी ओलांडलेल्या, नवऱ्याशिवाय एकट्या निघालेल्या किती बाया आज वारीत दिसतात. ओझं आणि चूल या दोन गोष्टी उतरल्या म्हणून त्या निघू शकल्या.

चुलीचं आणखी एक आहे. इरावती कर्वे यांनी वारीवर ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला, तो ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. दिवसभर एकत्र अभंग म्हणत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, याचं दुःख त्यांनी त्यात मांडलं आहे. आज बहुतेक दिंड्यांत एका पातेल्यातलं एका पंगतीत वाढतात. हा बदल काही ट्रकानं केला नाही, तो माणसांनी केला. पण प्रत्येकीची चूल वेगळी होती तोवर तो अवघडच होता.

आता दुसरी बाजू. ट्रकानं सामान उचललं, पण बाईच्या अंगाच्या गरजा उचलल्या नाहीत. पूर्वी आडोशाला झाडं होती, ओढे होते, उभी पिकं होती. आता वाटेवर प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली, हॉटेलं आली. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, रुंद झाला. वारकऱ्यांना चालायला कडेनं वेगळी वाट ठेवायची असं त्यात ठरलं, ते चांगलंच. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. दुपारच्या विसाव्याला सावली नाही आणि बायकांना आडोसा नाही. तंबू कितीही चांगला असला तरी तो संध्याकाळी भेटणार. मधल्या दहा-बारा तासांचं काय?

बायका काय करतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. पाळी येऊ नये म्हणून कुणाचं तरी ऐकून गोळ्या घेतात. मैत्रिणींनो, त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाबाचा त्रास असेल, पायाच्या शिरेत कधी गाठ झाली असेल, तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. आणि पाळी आली म्हणून वारी बाटत नाही, असं आम्हाला तरी वाटतं.

गेल्या दहाएक वर्षांत निर्मल वारीच्या कामामुळे तळावर फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. तीही ट्रकावरूनच येतात आणि पुढच्या तळाला जातात. २०२२ मध्ये राज्य महिला आयोगानं ‘आरोग्य वारी’ सुरू केली, त्यात वाटेवर बायकांसाठी शौचालयं, सॅनिटरी पॅड आणि बाळाला पाजायला हिरकणी कक्ष यांची सोय धरली. या सोयी वापरायच्या. पण त्या तळाच्या कडेला असतात, रात्री अंधार असतो, कडी नीट लागत नाही. दोघी-तिघींनी मिळून जायचं आणि बॅटरी बरोबर ठेवायची.

अंघोळीचं तर विचारूच नका. टँकरच्या नळाखाली पुरुष उजेडात अंघोळ करतात आणि बायका रात्री दोन वाजता उठून अंगावरच्या लुगड्यानिशी पाणी ओतून घेतात. दिंडीकडे एवढा मोठा ट्रक आहे, त्यात चार बांबू आणि ताडपत्रीचे दोन तुकडे जास्त मावत नाहीत का? टँकरशेजारी बायकांसाठी आडोसा करायला याहून जास्त काही लागत नाही. पण कुणी विचारलं नाही तर कुणी करत नाही. म्हणून आम्ही आमच्या बायकांना सांगतो, भिशी भरण्याआधी विचारा. अंघोळीला आडोसा आहे का? बायकांचा तंबू वेगळा आहे का, त्यात रात्रभर दिवा असतो का? पिण्याच्या टँकरमध्ये औषध टाकतात का? भिशी आपण भरतो, तेव्हा विचारण्यात संकोच कसला.

भिशी परवडत नाही म्हणून स्वयंपाकाच्या बोलीवर येणाऱ्या बायकाही काही दिंड्यांत असतात. सगळ्यांच्या आधी उठायचं, शेकड्यांनी चपात्या लाटायच्या, भांडी ट्रकात चढवायची आणि मग इतरांएवढंच चालायचं. त्याला सेवा म्हणतात. सेवा करावी, पण ट्रकाबरोबर पुढे जायला त्यांना जागा द्यायला हवी, आणि ती केबिनमध्ये, पातेल्यांवर नव्हे. आमच्या दोन गटांनी यावर वेगळी वाट काढली आहे. वर्षभर दर महिन्याला थोडे पैसे वारीसाठी वेगळे टाकायचे, म्हणजे कुणाला पोळपाट हातात घेऊन दिंडीत शिरावं लागत नाही.

ट्रक पुढे जातो हे ध्यानात ठेवून पिशवी भरायची. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या वळकटीत ठेवू नका, खांद्याच्या पिशवीत ठेवा. तिथेच पाण्याची बाटली, पॅड, एक सुकं लुगडं किंवा गाऊन, प्लॅस्टिकचा कागद, आधार कार्ड. मोबाईल बंद पडतो, म्हणून दिंडी क्रमांक आणि दिंडीप्रमुखांचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

आणि कितीही पाऊस असो, ट्रकाखाली झोपू नका. कोरडी जागा दिसते म्हणून बाया चाकांच्या मध्ये पथारी टाकतात. काळ्या रानात चाक रुततं, सरकतं, पहाटे अंधारात ड्रायव्हर गाडी हलवतो. त्याला खाली कोण निजलंय ते दिसत नाही.

राहता राहिला परतीचा प्रवास. पालखी चालत परतते, पण बहुतेक बायका द्वादशीला पारणं सोडून घराकडे निघतात. तेव्हा पैसे वाचवायला दिंडीच्याच ट्रकात, रिकाम्या टाक्या आणि पातेल्यांवर दाटीवाटीनं बसून येतात. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यानं चालत नाही, आणि गाडी कलंडली तर धरायला काही नसतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना त्याआधीच्या वर्षापासून प्रवास फुकट आहे, फक्त वयाचा पुरावा दाखवावा लागतो. आषाढीला एसटीच्या जादा गाड्या सुटतात. निम्म्या तिकिटाचे पैसे निघतानाच वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा आणि वळकटी तेवढी ट्रकात पाठवा.