चालू दे तिला, पण लावणीला बोलावू नका

ताईंनो, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. तो उलटला तर काहींना स्टेम सेल प्रत्यारोपण करतात. बहुतेक वेळा रुग्णाच्याच रक्तातून या पेशी काढून ठेवतात, जोराची केमो देतात आणि मग पेशी सलाइनसारख्या परत चढवतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलानं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये सुरू केलं. आपल्याला घाट उतरून खारघरचं टाटाचं केंद्रही जवळ आहे.

घरी आल्यावर सगळे मायेनं म्हणतात, "पडून राहा." पण पडून राहिलं की पायातलं बळ जातं, थकवा वाढतो. डॉक्टरांना विचारून पडवीतच पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा चालावं. चालताना बोलता आलं पाहिजे. जमेल तसं हळूहळू वाढवावं.

मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत गोठा, शेणकाम, भातलावणी नको. माती-शेणातल्या बुरशीनं, जंतूंनी फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. प्लेटलेट कमी असतील तर भरलेला हंडाही उचलू नये. ताप १००.४ किंवा जास्त आला, धाप लागली, रक्त आलं, तर लगेच हॉस्पिटलला फोन करा.

"चालते-फिरते, मग कामाला का येत नाही?" असं तिला कुणी म्हणू नका. तिचं चालणं हे औषधच आहे. यंदा तिची लावणी गटानं सावडीनं करून द्यावी.